जितकी माणसं, तितक्या ओळी

गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या सामूहिक विवाह सोहळ्याच्या पत्रिका तपासण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ते मी मागून घेतलेलं नाही. शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झालो, तेव्हा समितीचे अध्यक्ष भैयालालजी मुर्रीला माझ्या घरी आले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी दिवसभर पुस्तकंच पाह्यत राहता, त आमच्या पत्रिका बी पाहून देत जा." मी मास्तर कधीच नव्हतो. पुस्तकं देण्याघेण्याचं काम करणारा माणूस. पण त्यांना तसं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा पत्रिका तपासणं सोपं वाटलं.

आमच्या सोहळ्यात प्रत्येक जोडप्याचं एक पान असतं. वर मांडवाची जागा, दिवस, वेळ हे सगळ्यांचं सारखं. खाली वर आणि वधू, त्यांची गावं, आईवडील, मामा. हे पान त्या त्या घरी पत्रिका म्हणून जातं. शिवाय सगळ्या पानांचा एक संच सोहळ्याच्या दिवशी भैयालालजींच्या हातात असतो. ते माइकवर एकेक पान वाचतात, आणि ज्यांची नावं वाचली जातात ती माणसं मंचावर जातात; मामा बाजूला उभा राहतो, आईबाप आपल्या लेकराच्या मागे खुर्चीत बसतात. कन्यादानाच्या वेळी मुलीच्या हाताखाली त्यांचेच हात. ज्यांचं नाव पानावर नाही ती खाली मांडवात, बाकीच्या वऱ्हाडाबरोबर.

आतापर्यंत ही पानं एकावरून दुसरं अशी बनायची. पहिल्या जोडप्याचं पान लिहायचं, त्याची नक्कल करायची, नावं खोडून नवी घालायची. गेल्या साली नक्कल करताना एक नाव खोडायचं राहून गेलं आणि एका नवरदेवाला दुसऱ्याच नवरदेवाचा मामा मिळाला. माइकवर त्याचं नाव पुकारल्यावर दोन मामा मंचावर चढले आणि दोघेही खाली उतरायला तयार होईनात. म्हणून यंदा चेतनानं वेगळी युक्ती सांगितली. चेतनाचं गोंदियाच्या बाजारात कम्प्युटरचं आणि छपाईचं दुकान आहे. ती म्हणाली, सगळी नावं एका तक्त्यात भरू, पत्रिकेचा एकच साचा करू. साच्यात नावाच्या जागी नुसती खूण. जे पुन्हा पुन्हा यायला हवं, त्याच्या आधी एक खूण आणि नंतर एक खूण. मधलं जे असेल ते यंत्र जितकी जोडपी तितक्या वेळा लिहून काढील. खोडाखोड नाही, त्यामुळे राहून जाणंही नाही.

समितीला हे पटलं. तक्ता भरायचं काम माझ्याकडे आलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग रुख्माबाई आली.

ती माझ्या घरामागच्या गल्लीत राहते, बिड्या वळते. तिची भाची मोनाली हिचं लग्न यंदाच्या सोहळ्यात होतं. मोनालीची आई ती पोर दुधावर असतानाच गेली. बाप श्यामलाल कामाला म्हणून रायपूरकडे गेला आणि तिकडेच त्यानं दुसरं घर केलं. पोर वाढवली ती मावशीनं, म्हणजे रुख्माबाईनं, आणि शेजारच्या गीताबाईनं. गीताबाईचं तिच्याशी नातं कुठलंच नाही. एक बिड्या वळायची तेव्हा दुसरी पोरीला घ्यायची, एवढंच ते नातं.

रुख्माबाई उंबऱ्याशीच बसली आणि समितीचा फॉर्म माझ्यापुढे धरला. "भाऊ, हे वाचून पाहा. याच्यात माझी जागा कोठी हाये?"

मी वाचलं. वडिलांचे नाव: श्यामलाल. आईचे नाव: कै. लावून लिहिलेलं. मामाचे नाव: रेघ. आणखी जागा नव्हती.

"भैयालालजींना विचारलंत का?"

"इचारलं ना. ते म्हणते, फॉर्मेट में नहीं बैठता, बाई. बाप जिता हाये त बापाचंच नाव येते. मीनं म्हटलं, बाप जिता हाये हे आमाले फॉर्म भरतानाच समजलं." ती हसली, पण लगेच थांबली. "मले दुसरं काई नाई पायजे, भाऊ. नाव पुकारतेत तवा वरतं जाऊन बसाचं हाये. मी अना गीताबाई. बस."

"बघतो," मी म्हणालो.

"तुमी पाह्यतोच म्हणता हमेशा. या बखत करा."

ती गेली. मी बराच वेळ तो फॉर्म घेऊन बसलो. भैयालालजींपुढे जाऊन बोलायचं मला जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. ते धानाचे मोठे व्यापारी, आवाज मोठा, आणि मनानं वाईट नाहीत, ही सगळ्यात मोठी अडचण. वाईट माणसाशी निदान मनातल्या मनात तरी भांडता येतं. पण ते 'फॉर्मेट' म्हणाले होते, आणि फॉर्मेट माझ्या हातात होतं. तिथे बोलावं लागणार नव्हतं. नुसतं बसावं लागणार होतं. बसायचं मला जमतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चेतनाच्या दुकानात गेलो. "पानं जशी जोडप्यांमागे पुन्हा येतात, तशी पानातली एक ओळ माणसांमागे पुन्हा येईल का? कोणाचे दोन पालक, कोणाचे तीन, कोणाचा एकच."

"येते ना. पुन्हा येणाऱ्याच्या पोटात पुन्हा येणारं." तिची नजर छपाईच्या यंत्रावरून हलली नाही. "पण काका, माझ्या भरोशावर राहू नका. लगनसराई हाये, मले जेवाले फुरसत नाई. तो कोपऱ्यातला कम्प्युटर रिकामा हाये. बसा अना शिका."

"या वयात?"

"काऊन? वयानं कळफलक चावते काय?"

मी बसलो. त्या दिवशी बसलो, पुढल्या दिवशी बसलो, आणि त्याच्या पुढल्या दिवशीही. मुर्रीहून ऑटोनं यायचो, पाण्याची बाटली आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश पिशवीत. मदतीची पानं इंग्रजीत होती. ती लिहिणाऱ्याला आपल्यासारखा माणूस ती वाचेल अशी कल्पना नसावी. एकेक वाक्य मी तीन-तीनदा वाचायचो, आणि कळलं असं वाटलं की आपल्याला खरंच कळलं का या शंकेनं चौथ्यांदा. पण हळूहळू त्यात मला आमच्या वाचनालयाची कपाटं दिसू लागली. बाहेर कपाट, आत फळ्या. कपाटं मोजून आहेत, पण फळी किती पुस्तकांची, ते पुस्तकांवर. पालकांचा मी वेगळा तक्ता केला: एका माणसाला एक ओळ. ओळीत तीनच गोष्टी: नाव, नातं, आणि कोणत्या वराचं किंवा वधूचं माणूस. साच्यातून 'वडिलांचे नाव', 'आईचे नाव' हे छापील शब्द काढून टाकले. त्या जागी लिहिलं, 'वधूकडून', आणि खाली एक ओळ, नाव आणि पुढे नातं. ती ओळ जितकी माणसं तितक्या वेळा यायची होती. वराकडेही तसंच; मामा असला तर त्याची ओळ तळाशी वेगळी.

एका गोष्टीचा मला त्रास होत होता. साच्यात सगळीकडे खुणाच खुणा, कंस आणि चिन्हं. पान कसं दिसेल ते कळेना. वाचणाऱ्याला नाव हवं. म्हणून एकदा मी वधूकडच्या खुणा पुसून त्या ओळींच्या जागी खरीच नावं लिहून पाहिली. 'रुख्माबाई – मावशी.' 'गीताबाई – मावशी.' पान फार चांगलं दिसलं. मी बराच वेळ ते पाहत राहिलो. मग चेतना म्हणाली की आज नमुन्याची पानं घरोघरी तपासायला पाठवायची आहेत, यंत्र मोकळं आहे, काढून घेऊ. मी तक्ता उघडला, साचा जोडला, बटण दाबलं. पानं भराभर निघाली. वरची तीन-चार पानं पाहिली. वर-वधूची नावं बरोबर, गावं बरोबर. समितीचा माणूस दुचाकी घेऊन उभाच होता. तो घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर पोचलो तेव्हा आत गजेंद्र उभा होता. त्याच्या हर्षाचं लग्न यंदाच होतं. हातातलं पान तो झेंड्यासारखं हलवत होता.

"हे कोण रुख्माबाई? हे कोण गीताबाई? माझी हर्षा दोन मावश्यांची पोट्टी झाली? मी अना माझी रीता मेलो काय?"

मागे भैयालालजी खुर्चीत बसलेले. त्यांच्या मांडीवर तशीच पानं, पुष्कळ. "एकट्या तुझीच नाई रे गजेंद्र. साऱ्याच पोरींचा हाच हाल हाये. या दोघींनं पूरा सोहळा दत्तक घेतला."

मी पान हातात घेतलं. मी पुसलेल्या खुणा परत घातल्याच नव्हत्या. यंत्रानं मी लिहिलं ते इमानानं प्रत्येक पानावर लिहिलं होतं.

"माझी चूक आहे," मी म्हणालो.

"चूक नाई मास्तर, ये सब नयी-नयी चीज का नतीजा है," भैयालालजी म्हणाले. "जुनाच कागद छापा. बाप, माय, मामा. खतम."

"जुन्या कागदात गेल्या साली मामा बदलला होता," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही.

"मामा बदलला त एकाचा बदलला! तुमी त साऱ्या जिल्ह्याचे मायबाप बदलून टाकले!"

चेतना यंत्रामागून हसली. गजेंद्रालाही हसू फुटलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं, कारण तो भांडायला आला होता.

तेवढ्यात रुख्माबाई आणि मोनाली आल्या. भैयालालजींनीच फोन करून बोलावलं होतं. गजेंद्रानं रुख्माबाईकडे पाहिलं. "तुमीच काय माझ्या पोरीच्या मावशी?"

"तुमी म्हणत असान त होतो बाप्पा," रुख्माबाई म्हणाली. "एक वाढवली, दुसरी वाढवाले कितीक वेळ लागते?"

भैयालालजींनी दोन्ही हात वर केले. "पाहा बाई, मजाक बहुत झाला. आज सांजच्याले पानं छापाले गेली पायजे. श्यामलालचा फोन आला होता, तो येऊन राहिला. जिता बाप मांडवात बसला अना त्याचं नाव पानावर नाई, हे मी नाई करत. लोक मले काय म्हणतील?"

मोनाली भैयालालजींकडे वळली. ती गोंदियातल्या एका दवाखान्यात काम करते, आणि तिथल्यासारखंच हळू आणि स्पष्ट बोलते. "मोठेबाबा, बापाचं नाव काढा, असं मी कवा म्हटलं? लिहा ना. पण तिसऱ्या ओळीत लिहा. पह्यली रुख्मामावशी, दुसरी गीतामावशी, तिसरा बाप. जेनं जितकं केलं, तेच्या हिशेबानं."

"अना मावशीचं नाव नाईच आलं त?" भैयालालजींनी विचारलं.

"त मंडपात आमी तिघीबी खाली बसू. नवरदेव येकटा बसन वर."

बाहेर एक ऑटोवाला स्टेशन, स्टेशन ओरडत होता. भैयालालजींनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, खरं सांगा. ऐसा होता है क्या? एकाचे तीन?"

"होतं," मी म्हणालो. "ज्याचे दोन त्याचे दोन, ज्याचे तीन त्याचे तीन. एकच असला तर एक. रिकामी रेघ कुठेच नाही."

"अना फिरून चुकलं त?"

माझ्या आयुष्यात अशा प्रश्नाला मी नेहमी 'बघू' म्हटलेलं आहे. रुख्माबाई माझ्याकडे बघत होती. ती मला ओळखते. तिला 'बघू' अपेक्षित होतं.

"चुकणार नाही," मी म्हणालो. "प्रत्येक पान मी फॉर्मशी लावून बघीन. सगळी बरोबर असतील तरच छापायला जातील. नाहीतर संध्याकाळी जुना कागद मीच यंत्रात घालीन."

"सांजच्यापर्यंत," भैयालालजी म्हणाले. "मी इथंच बसतो."

ते खरंच तिथे बसले. गजेंद्रही बसला, आपल्या पोरीला आईबाप परत मिळाल्याशिवाय तो हलणार नव्हता. मी कोपऱ्यात गेलो.

आधी माझ्या हातानं लिहिलेली ती दोन नावं काढली. काढताना वाईट वाटलं, पण त्यांची जागा तक्त्यात होती, साच्यात नव्हती. मग खुणा परत घातल्या: पालकांची ओळ सुरू होण्याआधी एक, संपल्यावर एक. बटण दाबलं. यंत्रानं पान दिलंच नाही. इंग्रजीत दोन ओळी लिहून थांबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गजेंद्रानं घड्याळ पाहिलं. भैयालालजी घोरल्यासारखा श्वास घेत होते, पण डोळे उघडे होते.

मी शब्दकोश काढला. ओळी वाचल्या. काहीतरी उघडलं आहे आणि बंद झालेलं नाही, एवढं कळलं. काय ते कळेना. मी साच्यात वरून खाली बोट फिरवलं. जोडप्याची खूण उघडली. पालकांची खूण उघडली. मग ओळ. मग जोडप्याची खूण बंद. मग पालकांची बंद.

"चेतना," मी हाक मारली. "जरा बघतेस?"

ती आली, वाकली, आणि एका नजरेत म्हणाली, "काका, डब्यात डबा ठेवला हाये ना? मंग आतल्या डब्याचं झाकण आधी लागते का बाहेरच्या?"

मी दोन्ही खुणांची अदलाबदल केली. आतली आधी बंद, मग बाहेरची. बटण दाबलं.

पानं निघाली. पहिलं पान मी उचललं नाही. हात घामानं ओले होते, ते आधी धोतराला पुसले. मग फॉर्मांचा गठ्ठा डाव्या हाताला ठेवला, पानांचा उजव्या. एक फॉर्म, एक पान. नाव, नातं, गाव. वराकडून, वधूकडून. दोन माणसं, दोन ओळी. एका मुलाला फक्त आजी होती. त्याच्या पानावर एकच ओळ, खाली मोकळं नाही, रेघ नाही. हर्षाच्या पानावर गजेंद्र आणि रीता. गजेंद्रानं ते माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं, आणि घडी घालून खिशात ठेवलं. "हे मी रीताले दाखवतो. थे सकाळपासून जेवली नाई."

मोनालीचं पान आलं. 'वधूकडून'च्या खाली तीन ओळी. मी ते भैयालालजींपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"बाप तिसरा," ते म्हणाले.

"तक्त्यात जो क्रम दिला तोच येतो."

"मशीन को शरम नहीं है," ते म्हणाले. पण पान परत माझ्याकडे दिलं, बाकीच्यांच्या वर. "जाऊ द्या. छापाले टाका."

सोहळ्याच्या दिवशी नागऱ्याला देवळाजवळच्या मैदानात मांडव होता. ऊन असं की कनातीच्या कापडाला हात लावला तर चटका बसावा. मी एका खांबाजवळ खुर्ची घेतली. जेवणाच्या ताटांकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे मंचाकडे बघत होते. मंचावर रांगेनं पाट, आणि प्रत्येक नवरीच्या मागे दोन खुर्च्या. दोनच. खुर्च्या लावणाऱ्याला साच्यात काय बदललं ते कोणी सांगितलं नव्हतं. मलाही ते सुचलं नव्हतं.

भैयालालजी माइकवर उभे राहिले. ते कागदावर असेल तेच वाचतात. कागद सोडला की त्यांची गाडी हिंदीतून कुठेही जाते, हे त्यांना माहीत आहे. पाच-सहा पानं झाली. प्रत्येक पान मी मनातल्या मनात फॉर्मशी लावून बघत होतो आणि प्रत्येक पान बरोबर निघत होतं.

"वधू, मोनाली," ते म्हणाले. "वधूपिता श्री..." सवयीनं निघालं ते. मग ते थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला. "वधूकडून," ते म्हणाले, मोठ्यानं. "रुख्माबाई. मावशी. गीताबाई. मावशी." आणि एक श्वास घेऊन, "श्यामलाल. वडील."

दोघी उठल्या. रुख्माबाईनं गीताबाईचा हात धरला होता, की गीताबाईनं तिचा, ते मला तिथून कळलं नाही. पायऱ्या चढून त्या नवरीच्या मागे गेल्या आणि दोन खुर्च्यांवर बसल्या. नव्या इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस त्यांच्यामागून चढला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं.

"अरे, एक कुर्सी लाव रे!" भैयालालजी माइकवरच ओरडले.

रुख्माबाईनं मान वळवली. माइक जवळच होता, म्हणून साऱ्या मांडवानं ऐकलं. "राहू द्या, भैयालालजी. उभा राहू द्या त्याले. आतापर्यंत थकाचं काम पडलंच नाई त्याले."

मांडवात हशा उसळला. श्यामलालनं मान खाली घातली, पण तो गेला नाही. खुर्च्यांच्या मागे उभा राहिला. पाणी सोडताना मोनालीच्या हाताखाली आधी रुख्माबाईचा हात गेला, मग गीताबाईचा. मग मोनालीनंच मागे पाहिलं, आणि त्यानं वाकून आपला हात सगळ्यांच्या खाली लावला.

भैयालालजींनी पान उलटलं. मी खुर्चीतून उठून उभा होतो; कधी उठलो ते मला कळलंच नाही. आता पुढचं. पुढच्या पानावर पुन्हा त्याच दोन मावश्या आल्या तर? मी सगळं तपासलं होतं. तरी.

"वधू, हर्षा," ते म्हणाले. "वधूकडून. गजेंद्र, वडील. रीता, आई."

समोरच्या रांगेतून गजेंद्र उठला, छातीवरचा शर्ट सारखा केला, आणि बायकोला पुढे घालून मंचाकडे निघाला.

मी खाली बसलो.